नऊ शेळ्यांची साक्ष

उत्तर केनिया
शनिवार, ११ जानेवारी २०२५

ती. बाबांना,
लेकीचा वाकून सलाम. वि. वि.

आम्ही पाचही जण सुखरूप पोचलो. स्वप्निलची गिटार तेवढी नैरोबीला एक दिवस मागे राहिली, आणि तो एक दिवस फार शांततेत गेला.

फोन केला असता. पण फोनवर मी काय विचारते ते तुम्हाला ऐकू येत नाही, आणि तुम्ही काय सांगता ते इथल्या अख्ख्या बाजाराला ऐकू येतं. म्हणून ठरल्याप्रमाणे लिहिते. आमची गाडी बुधवारी औषधं आणायला आणि शनिवारी बाजाराला जाते, तिथं रेंज येते. तिथून पत्राचा फोटो शेजारच्या सपनाच्या फोनवर पाठवीन. तुमच्या पत्राचा फोटोही तिनंच पाठवावा, आणि काढताना अंगठा बाजूला ठेवावा.

गाव म्हणजे आपल्या साखऱ्याकडचा माळ समजा. बाभळीच बाभळी, आणि माणसांपेक्षा शेळ्या जास्त. गावात एक म्हातारे आहेत, त्यांना सगळे मानानं मझे म्हणतात. त्यांच्या शब्दाबाहेर कुणी नाही. मिशनचा दवाखाना आणि शाळा त्यांच्याच जागेवर आहे. माझ्याबरोबरच्या चार प्रशिक्षणार्थींनी सहा आठवडे तिथं हाताखाली काम करायचं आहे.

तकलीफ वेगळीच आहे. १९ तारखेच्या रविवारी चौघांनी गावासमोर आपापली साक्ष द्यायची आहे, आधी कसे होतो आणि प्रभूनं कसं बदललं ती. मी तालीम घेतली तर एकाच्याही आयुष्यात सांगण्यासारखं पाप नाही! रत्नपालनं दहावीला गणितात कॉपी केली, तरी अडतीसच मार्क पडले. कळमनुरीची प्रतिक्षा, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाची, तासभर विचार करून म्हणाली की नाताळात एकदा केकचा दुसरा तुकडा घेतला होता, पण आईला विचारून. आता ह्यावर कोण रडणार? डोंगरकड्याची बाई परदेशात पोरं सांभाळील का, असं मिशनच्या ऑफिसात बोललं गेलं होतं, ते मी विसरलेले नाही. काहीतरी सुचवा.

आईला मुका. लोभ आहेच, तो पत्रातूनही येऊ द्या.
तुमची,
शीतल


डोंगरकडा
१३ जानेवारी

चि. शीतल हिस,
बाबांचे ओंजळ भरून आशीर्वाद.

पत्र वाचले. सपनाने अंगठा बाजूला ठेवण्याचे कबूल केले आहे. इकडे हळद काढणी सुरू झाली असून सारे गाव पिवळे होऊन राहिले आहे.

बेटा, साक्ष ही विहिरीसारखी असते. आधी खोली दाखवावी लागते, मग पाणी काढायचे. पोरांची विहीर गुडघाभर आहे, हा त्यांचा दोष नाही. तू त्यांना माझी साक्ष नमुन्यादाखल सांग. तुला तर पाठच आहे: नेमसिंगच्या वडिलांच्या तांड्यावरून एका रात्रीत नऊ शेळ्या नेल्या, काटेरी कुंपण उचकटले, कुत्रे भुंकले नाही, उजाडायच्या आत हट्ट्याच्या बाजारात विकल्या, आणि परतीच्या वाटेवर उपदेशकाचे भजन कानी पडून पाय थबकले. १९७४ सालापासून सांगतो आहे, पण अजून शेळ्यांपाशी मंडळी श्वास रोखतात.

बरी आठवण झाली. मंडळीने माझ्या सेवेच्या पन्नास वर्षांचा सोहळा १६ फेब्रुवारीच्या रविवारी ठरवला आहे. फ्लेक्स छापणार आहेत. मुख्य कार्यक्रम म्हणजे माझी साक्ष. काल तालीम म्हणून तुझ्या आईला म्हणून दाखवली. शेळ्या आल्या तशी ती उठून पाणी प्यायला गेली. लग्नाला सेहेचाळीस वर्षे झाली, द्वारकाबाईला नेमकी तिथेच तहान लागते.

प्रकृती जप, आणि म्हाताऱ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
बाबा (उपदेशक जळबा)


शनिवार, २५ जानेवारी

ती. बाबांना,
सलाम. वि. वि.

तुमचा नमुना फारच चालला. प्रतिक्षानं रविवारी उभं राहून तुमची साक्ष सांगितली. अख्खी! स्वतःची म्हणून. कुंपण, कुत्रं, हट्ट्याचा बाजार, भजन, सगळं. शाळेचे मास्तर तिच्या इंग्रजीतलं एकेक वाक्य त्यांच्या भाषेत करून सांगत होते, आणि नऊ शेळ्या म्हटल्यावर सगळा गाव पुढे सरकून बसला.

नंतर विचारलं, अगं हे काय केलंस? तर डोळे मोठे करून म्हणाली, ताई, तुम्हीच नमुना दिला होता. कॉलेजात सर नमुना उत्तर देतात, तेच पेपरात लिहायचं असतं. आता ह्या पोरीला काय बोलावं, सांगा. आणि खरं सांगू? मी तेव्हाच उठून थांबवायला हवं होतं. नाही उठले. लोक इतके कान देऊन ऐकत होते की मला तुमचा अभिमान वाटला.

पुढची गंमत ऐका. दुसऱ्या दिवशी मझे काठी टेकत आले आणि म्हणाले की ज्यानं चोरी सोडली त्याच्यावर सगळ्यांदेखत विश्वास टाकला पाहिजे, नाहीतर सोडण्याचा उपयोग काय. त्यांनी आपल्या चौदा शेळ्या दिवसा चारायला प्रतिक्षाच्या हवाली केल्या. हा मोठा मान आहे, नाही म्हणता येत नाही. पोरगी अशी की शेळी शिंकली तरी दोन पावलं मागं सरते. रोज सकाळी प्रार्थना करून त्यांच्या मागं जाते, आणि शेळ्याच तिला संध्याकाळी घरी आणतात.

आईला सांगा, मी जेवते. तुमच्या मायेची धनी,
शीतल


२७ जानेवारी

चि. शीतल हिस अनेक आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचले. माझी साक्ष समुद्र ओलांडून गेली! मी स्वतः नांदेडच्या पलीकडे गेलो नाही. पोरीने एक गोष्ट मात्र गाळलेली दिसते. म्होरक्या शेळीच्या गळ्यातल्या घंटेत मी गवत कोंबले होते, म्हणून आवाज झाला नाही. पुढच्या वेळी सांगायला लाव.

नेमसिंगला स्टँडवरच्या हॉटेलात बसवून वाचून दाखवले. आपल्या बापाच्या शेळ्या आफ्रिकेत गाजल्या म्हणून त्याने सगळ्यांना चहा पाजला. नातवाला स्थळ बघून राहिले आहेत, तिथेही हे सांगणार म्हणतो. तुझी आई सोबत होती. तिने चहा घेतला नाही, उन्हात जाऊन उभी राहिली.

बराबर जेवत जा. तुझ्या पत्राची वाट बघणारा,
बाबा


शनिवार, १ फेब्रुवारी

ती. बाबांना सलाम.

बाबा, गंमत संपली. मंगळवारी चौदा शेळ्या गेल्या आणि बारा परत आल्या. मझ्यांच्या मुलांनी प्रतिक्षाला विचारलं, कुठं गेल्या, तर ही नुसती रडत उभी. मग ते जाऊन शोधून आले. कुठं शोधलं? बाजाराच्या रस्त्याला. तिनंच साक्षीत सांगितलं होतं ना, चोर उजाडायच्या आत बाजार गाठतो.

इथं शेळी म्हणजे घर चालवायचं साधन, लेकरांचं दूध. गावातल्या बायका तिच्याकडे बघेनाशा झाल्यात. कुणी तिला हात लावला नाही की शिवी दिली नाही, पण दवाखान्यात ती सुई घेऊन उभी राहिली की लोक दुसऱ्या रांगेत जातात. काल तिनं हुंदके देत सांगून टाकलं की ती साक्ष तिची नव्हेच, शीतलताईच्या बाबांची आहे. मी मझ्यांसमोर हो म्हटलं.  ते म्हणाले की तसं असेल तर त्या म्हाताऱ्यानं मला लिहून द्यावं. शेळ्या कुणी नेल्या, कशा नेल्या, हे सही करून, आणि ज्याच्या शेळ्या होत्या त्याच्या घरच्याची साक्षीदार म्हणून सही घेऊन. म्हाताऱ्याचा शब्द म्हातारा मानील.

तेव्हा लगेच लिहा. तुमचीच गोष्ट आहे, जशीच्या तशी उतरवायची, खाली तुमची आणि नेमसिंगकाकांची सही. पाच मिनिटांचं काम आहे. नाहीतर हिच्या नावावर चोरीचा डाग राहील, मला तो अहवालात लिहावा लागेल, आणि अशा नर्सला कोणता दवाखाना घेईल? पोरगी दोन दिवस जेवलेली नाही.

वाट बघते,
शीतल


३ फेब्रुवारी

चि. शीतल हिस आशीर्वाद.

वाचून वाईट वाटले. पोरीसाठी मंडळीत प्रार्थना ठेवली आहे.

लिहून देण्याबद्दल म्हणशील तर माझा उजवा हात थंडीने आखडला आहे. (हे पत्र डाव्या हाताने लिहीत नाही, पण दुखते.) शिवाय सही करून शपथेवर सांगणे आपल्या शिकवणुकीत बसते काय, ते पाहिले पाहिजे. नेमसिंगही लग्नाला सेनगावकडे गेला आहे, केव्हा येईल नक्की नाही. शिवाय पन्नास वर्षांमागची गोष्ट, तपशिलात एखादे उणे-अधिक झाले तर परक्या देशात उगाच घोळ व्हायचा. तूच आपल्या शब्दात त्यांना समजावून सांग. तू हुशार आहेस.

सोहळ्याचा फ्लेक्स छापून आला. सपनाने माझ्या फोटोभोवती नऊ शेळ्या काढून दिल्या होत्या, बऱ्या आल्या आहेत.

तुझा,
बाबा


४ फेब्रुवारी

शीतल बाई,
तुला आईचा मुका.

हे पत्र तुझ्या बाबाला ठाऊक न्हाई. ते हळद शिजवायच्या कढईपाशी गेले तवा लिहून राहिले. सपनाला म्हणलं, फोटो धाडून कागद मला वापस दे.

हात आखडला न्हाई अन् नेमसिंग भाऊजी कुठं गेले न्हाईत. सकाळी आपल्याच ओट्यावर बसून बिडी वढून राहिले होते.

बाई, मी लग्न होऊन आले तवा तीन शेळ्या होत्या. तू झालीस त्या सालाला पाच झाल्या. नांदेडच्या मेळाव्यात सात. नऊ कवा झाल्या ते मलाच कळलं न्हाई. कुत्रं तं लय मागून आलं, अन् घंटेतलं गवत परवाच्याला पयल्यांदा ऐकलं. नऊ शेळ्या हाकलत एका रात्रीत हट्ट्याला जायचं म्हणे! आपण एस.टी.नं गेलो तरी बदलून जावं लागते. तुझ्या बाबानं उभ्या जन्मात कुणाची काडी उचलली न्हाई. घरात कोंबडी कापायची असली तं हे घरामागं जाऊन भिंतीकडं तोंड करून उभे राहतात.

मी काहून बोलले न्हाई म्हणशील. माणूस वाईट न्हाई ना. त्या शेळ्या ऐकून चार जणांची दारू सुटली, मी डोळ्यानं पाह्यलं. मंग म्हणलं, ऱ्हाऊ द्या शेळ्या, आपण उठून पाणी पिऊन यावं. पण आता दुसऱ्याच्या लेकराचं नाव खराब होऊन राहिलं. आता पाणी पिऊन भागंना.

खरं काय झालं ते मला ठाऊक आहे, पण मी सांगणार न्हाई. मी सांगितलं तं ती माझी साक्ष होईल. त्याचं त्याला सांगू दे. तू लेक आहेस, तुझ्यापुढं तो फार येळ टिकत न्हाई.

त्या पोरीला भाताची पेज दे, वरून जिऱ्याची फोडणी. आईला विसरू नको.
आई


शनिवार, ८ फेब्रुवारी

ती. बाबांना सलाम.

तुमचा हात बरा असेल. नेमसिंगकाकाही लग्नाहून आले असतील.

मझ्यांनी शुक्रवारपर्यंत, १४ तारखेपर्यंत, वाट बघायचं कबूल केलंय. त्यानंतर आम्ही सामान बांधायचं. ते रागावलेले नाहीत, हेच मला सहन होत नाही. म्हणाले की विश्वास टाकण्यात त्यांची चूक झाली, पुन्हा करणार नाहीत. म्हणजे खरंच सुधारून कुणी आलं, तरी त्याला आता शेळ्या मिळणार नाहीत.

बाबा, किती शेळ्या होत्या हा प्रश्न नाही. नऊ लिहा, दोन लिहा, एकही नव्हती असं लिहा. मी तुमची लेक आहे, वाचून कमी होणार नाही. पण ह्या वेळी झालं असेल तेच लिहा. लहानपणी पाटी फोडली तेव्हा मला जवळ घेऊन तुम्हीच म्हणाला होतात, सांगून टाक, मग हलकं वाटतं.

तुमची,
शीतल


१० फेब्रुवारी

चि. शीतल,

आशीर्वाद लिहायला आज हात धजत नाही, तरी आहेतच.

मी शेळ्या चोरल्या नाहीत. एकही नाही.

मी चौदा वर्षांचा होतो. नेमसिंगच्या वडिलांच्या दोन शेळ्या चारायला माझ्याकडे होत्या. ओढ्याच्या लिंबाखाली मला झोप लागली. उठलो तर शेळ्या नाहीत. झोपलो होतो हे सांगायची लाज वाटली, म्हणून गप्प राहिलो. गप्प राहिलो म्हणून चोर ठरलो. नेमसिंगच्या वडिलांनी मला बाजारात सगळ्यांसमोर मारले. तिसऱ्या दिवशी दोन्ही शेळ्या पाटाखालच्या केळीच्या बागेत सापडल्या, पोटं टम्म फुगलेली. पण तोवर लोकांच्या तोंडी नाव बसले होते, ते कुणी परत घेतले नाही.

विसाव्या वर्षी मेळाव्यात साक्ष द्यायला उभा केला. माझ्या आधी एक दारू गाळणारा बोलला, बायाबापड्या रडल्या. माझ्याकडे काय होते? झोप. चोर हे नाव गावाने दिलेलेच होते, म्हटले तेच कामाला येऊ दे. त्या दिवशी दोन शेळ्या चोरल्या म्हणालो. लोक रडले. पुढचे तुला ठाऊक आहे. तुझ्या आईने कळवले असेल तर बरेच केले. नसेल कळवले तर ती फारच थोर आहे.

त्या लेकराला एकटे घेऊन विचार, डोळा लागला होता का. रागावू नकोस. आणि मझ्यांना सांग, शेळी बाजाराच्या वाटेने जात नाही, पाल्याच्या मागे जाते. जवळपास हिरवे कुठे आहे ते बघा.

सोबत मझ्यांच्या नावे वेगळा कागद आहे, त्यात हेच लिहिले आहे. नेमसिंगने सही केली, पण कटकट फार केली. म्हणतो, नऊवरून एकदम दोनवर आणता, नातवाच्या सोयरिकीचं काय? निदान चार तरी ठेवा. मी ठेवल्या नाहीत.

तुझा,
बाबा


शनिवार, १५ फेब्रुवारी

ती. बाबांना,
डोकं पायावर ठेवून सलाम.

शेळ्या सापडल्या!

बुधवारी तुमचं पत्र मिळालं. आधी प्रतिक्षाला विचारलं. ती इतकी रडली की उत्तर द्यायची गरजच उरली नाही. झोपली होती, बाबा. भर दुपारी, बाभळीखाली. मग मी इंग्रजीत केलेला तुमचा कागद मास्तरांनी मझ्यांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवला. त्यांनी दोनदा वाचायला लावला. शेवटी म्हणाले की चोरी लपवणारे खूप पाहिले, न केलेली चोरी पन्नास वर्षं सांभाळणारा हा पहिलाच. आणि इतके हसले की काठी पडली.

हसून झाल्यावर म्हणाले, टेकडीपलीकडच्या वस्तीवर हातपंप गळतो, तिथं हिरवं असतं. गुरुवारी आम्ही सगळे गेलो. एका आजीबाईंच्या कुंपणात दोन्ही शेळ्या बांधलेल्या. त्या म्हणाल्या, मी रोज वाट बघत होते, विचारायला कुणीच आलं नाही. सगळे चोर शोधत होते, शेळ्या कुणी शोधल्याच नव्हत्या.

काल प्रतिक्षानं पुन्हा साक्ष दिली. तीनच वाक्यं होती: "मला झोप लागली. सांगायला भीती वाटली. आता सांगितलं." गाव काही पुढं सरकून बसला नाही, पण मझ्यांनी शेळ्या पुन्हा तिच्याकडेच दिल्या, आणि सोबत एक म्हातारी दिली, हिला जागं ठेवायला. मीही उभी राहिले आणि सांगितलं की खोटं चाललेलं कळत असून मी बसून राहिले होते. अहवालातही तसंच लिहिलंय. ऑफिसला जे म्हणायचं ते म्हणू दे.

मझ्यांनी विचारलं, त्या म्हाताऱ्याला लहानपणी फार लागलं होतं का? म्हणाले, शेळीवाल्यांच्या वतीनं त्याची माफी माग. मागते, बाबा.

उद्या तुमचा सोहळा. इथलं काही तिकडं कुणाला कळणार नाही. फ्लेक्सही छापलेला आहे. तुम्हाला वाटेल तसं करा, माझा जीव तुमच्यापाशीच आहे.

शीतल


डोंगरकडा
१७ फेब्रुवारी

चि. शीतल हिस,
आज मोकळ्या हाताने पोटभर आशीर्वाद.

सोहळा झाला. हार घातले, शाल दिली. पाठीमागे फ्लेक्सवर नऊ शेळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी उभा राहिलो आणि सांगितले, मंडळी, ह्यातल्या सात शेळ्या कधी नव्हत्याच, आणि ज्या दोन होत्या त्या मी चोरल्या नाहीत, मी झोपलो होतो. एवढे सांगायला तीन मिनिटे लागली. कार्यक्रमपत्रिकेत माझ्या साक्षीला तास दिला होता.

कुणी श्वास रोखला नाही, कुणी टाळी वाजवली नाही. मला तसेही फारसे ऐकू येत नाही, पण त्या दिवशी ऐकण्यासारखे काही नव्हतेच. मग मागून नेमसिंग उठला. सपनाने त्याचे बोलणे मला कागदावर लिहून दाखवले. तो म्हणाला की शेळ्या दोनच होत्या हे खरे, पण दूध भरपूर देत. आणि त्याच्या बापाने मरताना सांगितले होते की जळबाला उगीच मारले, ते त्याला जाऊन सांग. नऊ शेळ्यांच्या मानापुढे ते सांगायचे राहून गेले. एवढे बोलून तो खाली बसला, आणि त्याने डोळे पुसले. मझ्यांनाही हे कळव. शेळीवाल्यांकडून दोन माफ्या एकाच आठवड्यात आल्या.

नंतर दोघे-तिघे भेटले ते थोडे खट्टू दिसले. एकाने विचारले, मग कुत्रे? म्हटले, कुत्रेही नव्हते. त्याला सर्वांत वाईट कुत्र्याचेच वाटले. ज्यांची दारू माझ्या शेळ्यांनी सोडवली त्यांपैकी एक जण शेवटी आला. मला धडकी भरली होती, की आता हा पुन्हा सुरू करतो की काय. तो माझा हात धरून म्हणाला की मी आता सोडलीय, शेळ्या तुम्ही परत न्या. 

प्रतिक्षाला माझा सलाम सांग. वयाने नातीसारखी आहे, पण ह्या बाबतीत ती माझ्या दोन दिवस पुढे आहे. तुम्ही सगळे आलात की इकडे या. हळद शिजून वाळत पडली आहे, अंगणात पाय ठेवायला जागा नाही, तरी पाच जणांची सोय होईल.

एक सांगायचे राहिले. तुझी आई पुढच्याच रांगेत बसली होती. नेहमीप्रमाणे तांब्या शेजारी भरून ठेवला होता. शेळ्या आल्या तेव्हा मी तिच्याकडे पाहिले. ती उठली नाही.

तुझ्या येण्याकडे डोळे लावून बसलेले,
बाबा आणि आई